भिंगरीचे उलटे कार्ड

मित्रांनो, मी कपडे पिळणारे एक जुने यंत्र आहे. सध्या माझा मुक्काम एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगणात आहे. डोक्यावर पत्र्याचे छप्पर आहे आणि सोबतीला मोडक्या खाटा व चाके नसलेल्या ढकलगाड्या आहेत. मला तीन पाय होते. त्यांतला एक आता नाही, त्याच्या जागी विटा रचल्या आहेत. माझ्या झाकणाच्या कडीला सुतळीने एक पुठ्ठ्याचे कार्ड बांधले आहे आणि त्याची कोरी बाजू बाहेर आहे. येणारेजाणारे ते पाहतात आणि पुढे जातात. त्या कोऱ्या बाजूची ही हकिकत आहे.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. अंग जाड पत्र्याचे, पोटात भोकाभोकांचे चकचकीत पिंप आणि पाय बिडाचे. बीड हे फार मानी लोखंड असते, मित्रांनो. ते वाकत नाही, तडकते. लाकडी खोक्यात बसून मी या रुग्णालयाच्या धुलाईघरात आले. तिथे जमीन कायम ओली असे, भिंतींना वाफेचा घाम येई आणि साबणाचा वास नाकात नव्हे तर थेट डोळ्यांत जाई. एका बाजूला धुण्याची यंत्रे, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा लांब रूळ आणि मधोमध मी.

माझे काम सोपे होते. धुतलेल्या ओल्या चादरी पोटात गोल रचायच्या, झाकण लावायचे, बटण दाबायचे. मी गरगर फिरले की पाणी भोकांतून बाहेर फेकले जाई आणि चादरी हलक्या होऊन निघत. पहिल्याच दिवशी मला फिरताना पाहून धुलाईघरातल्या मावशी म्हणाल्या, "अगं बाई, ही तर भिंगरी!" तेच नाव पडले आणि मीही स्वतःला भिंगरी समजू लागले. रुग्णांच्या चादरी, डॉक्टरांचे हिरवे झगे, बाळांची दुपटी, सारे माझ्या पोटातून गेले. चादरीवर झोपणाऱ्याला माझे नाव ठाऊक नसे. पण चादर ओली राहिली असती तर ते नक्की कळले असते.

माझी देखभाल तेलकाका करत. त्यांच्या हातात नेहमी तेलाचा डबा असे, म्हणून ते तेलकाका. ते माझ्या अंगाला कान लावून उभे राहत आणि म्हणत, "आज घसा बसलाय हिचा." मग कुठेतरी ग्रीस भरले जाई आणि माझा घसा मोकळा होई. मावशी त्यांना चिडवत, "काका, घरी काकूंचं दुखलंखुपलं तरी असं ऐकता का हो?" तेलकाका म्हणत, "ती स्वतः सांगते. चांगली तासभर सांगते. हिला तोंड नाही म्हणून ऐकावं लागतं."

त्यांची एक पुतणी होती. तिची शाळा काकांच्या घराजवळ, म्हणून ती लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढली. शाळा सुटली की ती धुलाईघरात येई. मी थांबलेली असले की माझ्या झाकणावर बसून अभ्यास करी आणि पाय हलवत माझ्या अंगावर टाचा आपटी. तेलकाका ओरडत, "चिमे, तिला लागतं!" ती विचारी, "तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणत, "तुला लागलेलं कळतं, तसंच."

आता त्या कार्डाविषयी सांगते. प्रत्येक यंत्राच्या मागे भिंतीत एक खिळा होता आणि खिळ्याला त्या यंत्राचे कार्ड. ग्रीस कधी भरले, पट्टा कधी बदलला, सगळे त्यावर तेलकाकांच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असे. लिहिलेली बाजू बाहेर असेल तर यंत्र ठणठणीत आहे असे समजायचे. पण एखाद्या यंत्राचे काही बिनसले आणि ते लिहिण्यासारखे नसले, तर तेलकाका कार्ड उलटे टांगत. कोरी बाजू दिसली की यंत्राला हात लावण्याआधी काकांना विचारायचे. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. धुलाईघरात नव्याने येणारा माणूस आठवडाभरात तो शिकून जाई, जसे आपण घरातली कोणती पायरी निसरडी आहे ते शिकतो.

लिहिण्यासारखे नसलेले म्हणजे काय, ते माझ्यावरूनच सांगते. एकदा धुलाईघराची फरशी बदलत होते. दगडांनी भरलेली ढकलगाडी उतारावरून सुटली आणि माझ्या डाव्या पायावर आदळली. पायाला केसाएवढा तडा गेला. कारखान्याला पत्र गेले, पण त्या बनावटीचे पाय ओतणे त्यांनी केव्हाच बंद केले होते. तेलकाकांनी तडा बुजवून घेतला, वरून लोखंडी पट्टी आवळली आणि मला चालवून पाहिले. मी चालले. मात्र दोन गोष्टी कायमच्या लागल्या. एक, पट्टीचे नट दर आठवड्याला आवळायचे, कारण माझ्या फिरण्याने ते सैल होत. दोन, ओली ब्लँकेट पोटभर भरायची नाहीत, अर्धीच भरायची.

हे त्यांनी कार्डावर लिहिले नाही. लिहिले असते तर कायदा सरळ होता: पायाला तडा गेलेले यंत्र बंद करायचे. तेव्हा नवे यंत्र मिळण्याची आशा नव्हती आणि मी बंद पडले असते तर चादरी हाताने पिळाव्या लागल्या असत्या. म्हणून तेलकाकांनी कार्ड उलटे केले, आणि ते उलटेच राहिले. मावशी प्रत्येक नव्या माणसाला बजावत, "भिंगरीला ब्लँकेट अर्धीच. तिचा पाय दुखतो." अशी कित्येक वर्षे मी एका दुखऱ्या पायावर फिरले, आणि खरे सांगते, सुखाने फिरले.

दरम्यान पुतणी शिकली, इंजिनिअर झाली आणि याच रुग्णालयात सगळ्या यंत्रसामग्रीची अधिकारी म्हणून रुजू झाली. त्या दिवशी तेलकाकांनी धुलाईघरात सर्वांना चहा पाजला. मावशी म्हणाल्या, "काका, आता घरी मॅडमना भांडी घासायला सांगाल का?" ते म्हणाले, "घासते की! साहेब ऑफिसात."

वर्षभरात तिने सगळी कार्डे काढून देखभालीची नोंद संगणकावर घ्यायचे ठरवले. इथे मला न्यायाने बोलले पाहिजे. कार्डांची पद्धत काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. वाफेने शाई फुटे. एका धुण्याच्या यंत्राचे कार्ड खाली पडून साबणाच्या पाण्यात विरघळले आणि तेलकाका तापाने घरी असताना त्या यंत्राला कोणी ग्रीसच दिले नाही, ते जळले. एका माणसाच्या डोक्यावर सारे धुलाईघर चालणे बरे नव्हे, हे पुतणीचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. चुकले ते एवढेच की ही गोष्ट तिने काकांना घरी सांगितली नाही. त्यांना ती सर्वांबरोबर, भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेतून कळली. सूचना वाचून ते बराच वेळ हातातला डबा पुसत राहिले.

मग ती एका माणसाला घेऊन आली. तो एकेक कार्ड खिळ्यावरून काढी, लिहिलेल्या बाजूचा फोटो घेई आणि कार्ड पोत्यात टाकी. माझे कार्ड उलटे होते. त्याने ते सुलटे केले, फोटो घेतला आणि पोत्यात टाकले. मी पाहत होते, मावशी पाहत होत्या, तेलकाका पाहत होते. कोणीच काही बोलले नाही.

पुतणी जाताना म्हणाली, "काका, कार्डावर नाही असं काही राहिलंय का? असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे घालता येईल."

"तू मॅडम म्हणून विचारतेस की चिमी म्हणून?" तेलकाका म्हणाले.

माणसे ऐकत होती. ती ओशाळली. म्हणाली, "काका, इथे नको ना हे."

"मग नाही राहिलं काही."

एवढेच संभाषण झाले. त्यानंतर तिने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. मावशीही बोलल्या नाहीत, पण त्यांचे कारण वेगळे होते. ते पुढे कळेल.

भिंतीवर नुसते खिळे राहिले. माझ्या अंगावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद चिकटवला गेला. त्याच्यासमोर मोबाईल धरला की पडद्यावर माझी सगळी कुंडली येई. सगळे वेळेवर असेल तर हिरवा रंग, राहिले असेल तर लाल. तेलकाकांनाही असा मोबाईल मिळाला. तो दिवसभर टुणटुण वाजे. आज याला तेल, उद्या त्याचा पट्टा. मावशी म्हणाल्या, "काका, खिशात सासू आली हो!" तेलकाका म्हणाले, "सासू परवडली. ती जेवताना तरी गप्प बसायची." सगळे हसले. त्यांतले बरेचसे हसू खरे होते, कारण मोबाईलमुळे कामे खरोखरच सुधारली होती. धुण्याच्या यंत्रांना वेळेवर ग्रीस मिळू लागले. तेलकाका रजेवर गेले तरी दुसरा कोणी येऊन काम करून जाई. मलाही नवा पट्टा मिळाला, तोही न मागता.

फक्त माझा पाय मोबाईलला माहीत नव्हता.

तेलकाका सुरुवातीला दर आठवड्याला येत, काही न बोलता पाना काढत आणि माझे नट आवळून जात. पण संगणक कामाबरोबर वेळही मोजत होता. एके दिवशी रुग्णालयाचे व्यवस्थापक धुलाईघरात आले. सोबत पुतणी होती. व्यवस्थापक सौम्यपणे म्हणाले, "काका, तुमच्या वेळेत दर आठवड्याला एक भोक पडतंय. त्या वेळात तुम्ही काय करता, त्याची नोंद नाही."

तेलकाकांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना उत्तर माहीत होते आणि मलाही. पण ते उत्तर दिले असते तर त्याच दिवशी मला कुलूप लागले असते. ते म्हणाले, "बिडी ओढतो."

पुतणीने चमकून वर पाहिले. काका बिडी ओढत नाहीत, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण व्यवस्थापक शेजारी उभे होते. ती म्हणाली, "काका, जे काम कराल त्याची नोंद करत जा. एवढंच." आणि निघून गेली. दारापाशी ती क्षणभर थबकली होती. मला वाटले, परत येईल. आली नाही.

मित्रांनो, मी पुष्कळदा त्या क्षणाचा विचार करते.

त्यानंतर मोबाईल तेलकाकांना साऱ्या रुग्णालयात फिरवू लागला. आज वरच्या मजल्यावरचे पंखे, उद्या तळघरातले पंप. माझे नट आधी आठवड्याला आवळले जात, मग सवड मिळेल तसे, मग क्वचित. ते मला विसरले असे मी म्हणणार नाही. येताजाता ते माझ्या अंगावर थाप मारत आणि पुटपुटत, "बघतो गं, बघतो." पण खिशातला मोबाईल वाजे आणि ते पुढे जात. पायातली कुरकुर मला जाणवू लागली. ती ऐकणारा कान मात्र आता चार इमारतींत वाटला गेला होता.

ज्या दिवशी ते घडले त्या दिवशी मावशी इस्त्रीच्या रुळावर होत्या, धुलाईघराच्या पार दुसऱ्या टोकाला. माझ्यापाशी स्वयंपाकघरातून त्याच सकाळी बदलून आलेला, मावशींनी अजून काही न बजावलेला एक गृहस्थ होता. कामाला चोख, स्वभावाने गरीब. त्याच्यापुढे ओल्या ब्लँकेटांचा ढीग होता. त्याने मोबाईल धरला, पडदा हिरवा झाला, क्षमतेचा पूर्ण आकडा दिसला. त्याने मला पोटभर भरले. त्याच्या जागी कोणीही हेच केले असते.

मी फिरू लागले. वेग वाढला तसा पाय थरथरला आणि जुना तडा उघडला. पाय तुटला तेव्हा आवाज असा झाला की मावशींच्या हातातली चादर रुळात तशीच राहिली. मी कलंडले आणि आतले पिंप फिरतच राहिले. मी जमिनीवर धडका देत सरकू लागले. तो गृहस्थ भिंतीला चिकटून उभा होता. माझ्या बाजूच्या दारापाशी, ढकलगाडीतल्या चादरी मोजायला आलेल्या परिचारिका होत्या.

तेलकाका त्या वेळी अंगणातून शिडी घेऊन चालले होते. त्यांनी शिडी टाकली. आत येऊन त्यांनी भिंतीवरचे लाल बटण दाबले. वीज गेली, पण भरलेले पिंप वीज गेल्याबरोबर थांबत नाही. ते थांबवायला पायाने दाबायचा ब्रेक असतो, आणि तो माझ्या डाव्या पायाजवळ होता. तेलकाका त्यावर उभे राहिले. "थांब गं, थांब माझी बाई," ते म्हणत होते. मी थांबले. पण थांबता थांबता त्याच बाजूला कोसळले, आणि त्यांचा पाय माझ्याखाली सापडला.

परिचारिका वाचल्या, तो गृहस्थ वाचला. तेलकाकांच्या घोट्याची हाडे पुन्हा पहिल्यासारखी जुळली नाहीत.

चौकशी झाली. व्यवस्थापकांनी पुतणीकडे अहवाल मागितला. तिने संगणक उघडला आणि माझ्यासमोर उभी राहून पडदा वरखाली करत राहिली. ग्रीस वेळेवर, पट्टा वेळेवर, तपासणी वेळेवर. वरपासून खालपर्यंत हिरवेगार. ती म्हणाली, "सगळं तर बरोबर आहे. मग झालं कसं?"

मावशी जवळ आल्या. म्हणाल्या, "अगं, पण हिचं कार्ड उलटं असायचं ना."

"उलटं म्हणजे?"

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी सगळे सांगितले. कोरी बाजू, ढकलगाडी, तडा, अर्धी ब्लँकेट.

पुतणी म्हणाली, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुला कुणी सांगायचं, बाई?" मावशी म्हणाल्या. "त्यांच्या घरात वाढलीस. हिच्या झाकणावर बसून पाढे पाठ केलेस. आम्हाला वाटलं, घरचीच तू, तुला ठाऊकच असणार. ठाऊक असून काढलंस म्हणजे काही विचार केला असशील."

मित्रांनो, धुलाईघरातला प्रत्येक माणूस असेच समजत होता. लहानपणी यंत्रांना हात लावायची तिला बंदी होती, म्हणून तो नियम तिला कोणी शिकवलाच नव्हता. परक्या अधिकाऱ्याला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते. ती आपली होती म्हणून कोणी सांगितले नाही.

काही आठवड्यांनी तेलकाका काखेत कुबडी घेऊन आपली हत्यारे न्यायला आले. मला तोवर भिंतीशी टेकवून ठेवले होते. पुतणीही आली. ती हत्यारे पेटीत भरू लागली.

"काका, एकदा तरी सांगायचं होतं मला."

"सांगितलं असतं तर हिला बंद केलं असतंस."

ती खोटे बोलली नाही. "हो," ती म्हणाली. "केलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

"पण काका, तिला बंद केलं असतं तर तुमचा पाय धड राहिला असता!"

तेलकाकांनी माझ्या तुटक्या पायाच्या खोबणीवरून हात फिरवला. "ते खरंय," ते म्हणाले. "त्या वेळी करायलाच हवं होतं बंद. मला वाटलं, मी आहे तोवर चालेल. मी असणारच, असं धरून चाललो होतो." मग म्हणाले, "आणि तू बिडीवर विश्वास ठेवलास, ते मला लागलं."

"नव्हता ठेवला," पुतणी म्हणाली. "मी दारापाशी थांबले होते."

"पाहिलं मी. मीही हाक मारणार होतो."

इस्त्रीच्या रुळाची वाफ मधूनमधून सुटत होती. पुतणीने एक स्टूल ओढले, काकांना बसवले आणि मोबाईल उघडून विचारले, "आणखी कुणाकुणाची कार्डं उलटी होती?"

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. धुण्याच्या एका यंत्राचे दार, वाफेची एक तोटी, रुळाच्या चाकाचा एक दाता. त्यांतली काही यंत्रे तिने तिथल्या तिथे बंद करायला लावली. प्रत्येक वेळी तेलकाकांचा चेहरा कसनुसा झाला, पण ते अडले नाहीत. तिने संगणकात प्रत्येक यंत्रासाठी एक नवा रकाना करून घेतला आणि त्याला नाव दिले, "वापरणाऱ्यांना विचारा." तो रकाना भरल्याशिवाय आता हिरवा रंग येत नाही, असे ऐकते.

माझ्या पायाचे ओतकाम पुन्हा होण्यासारखे नव्हते. संगणकात माझ्या नावापुढे "सेवेतून काढले" असे आहे. पण तेलकाका उठायला लागले तेव्हा पुतणीने माझे पान उघडले आणि नव्या रकान्यात लिहिले, "ब्लँकेट अर्धीच. डावा पाय दुखतो." कार्डांचे फोटो घेणारा तो माणूस सोबत होता, तो म्हणाला, "मॅडम, हे यंत्र तर बंद झालं. आता याचा काय उपयोग?" तिने पोत्यातून माझे कार्ड शोधून आणवले आणि ते माझ्या कडीला बांधले, कोरी बाजू बाहेर ठेवून.

तेलकाका आता कामावर येत नाहीत. अधूनमधून पुतणी त्यांचा हात धरून त्यांना धुलाईघरात आणते. ते नव्या यंत्रांना कान लावतात आणि ती शेजारी उभी राहून लिहून घेते. जाताना ते माझ्यापाशी थांबतात. मी फिरत नाही, त्यामुळे ऐकण्यासारखे काही नसते. तरी ते थांबतात.

मित्रांनो, नोंद कार्डावर करा किंवा संगणकावर करा, माझी कशालाच हरकत नाही. संगणकावर करणे बरे, तो पाण्यात विरघळत नाही. माझे मागणे वेगळे आहे. ज्याच्याकडून तुम्ही काम घेता, त्याचे काय दुखते हे तुम्ही स्वतः विचारा. एकदा विचारून उत्तर मिळाले नाही, तर दारापासून परत फिरा आणि पुन्हा विचारा. आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर रुसवा आणि माया दोन्ही बाजूला ठेवून सांगा. माझा तडा लपवून मला वाचवणाऱ्यांची माया खोटी नव्हती. पण ती माझ्याही उपयोगी पडली नाही आणि त्यांच्याही.

कधी या अंगणात आलात आणि माझ्या कडीला बांधलेले कार्ड दिसले, तर कोरे आहे म्हणून पुढे जाऊ नका. आत धुलाईघरात मावशी आहेत. त्यांना विचारा.